'पेंडिंग'मधला गळालेला 'एन'

संपादक महोदय,

ऑनलाइन अर्ज अडकला की आपण 'सर्व्हर डाउन' म्हणून मोकळे होतो. गेली ११ वर्षं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत संकेतस्थळं बांधतोय, म्हणून सांगतो, सर्व्हर बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. एका पतसंस्थेचे १७ कर्जअर्ज तीन दिवस कुठल्याच यादीत दिसेनात. शोधलं, तर अर्जाची स्थिती साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून ठेवलेली आणि एका फाइलीत 'पेंडिंग'मधला 'एन' गळालेला. टाइप मीच केलं होतं!

पीएचपी ८.१ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, यावर इनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची बंदिस्त यादी, हा उतारा आहे. प्रलंबित, मंजूर, नामंजूर एवढ्याच स्थिती एकदा ठरवून टाकायच्या. फंक्शनला इनमच हवा असं लिहिलं की नुसती स्ट्रिंग दिल्यावर ते तिथल्या तिथे टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकाराची त्रुटी, देतं. शब्दावरून स्थिती शोधणाऱ्या इनमच्या 'फ्रॉम'ला डेटाबेसमधला भलता शब्द दिला तर व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीच्या मूल्याची त्रुटी. त्याचाच भाऊ 'ट्रायफ्रॉम' मात्र गुपचूप नल, म्हणजे 'काहीच नाही', हातात ठेवतो, तिथे डोळे उघडे हवेत.

तरी परवा हाती आलेल्या कामात पुन्हा तेच: स्थिती १, २, ३. तीन म्हणजे काय, हे विचारायला आधीच्या प्रोग्रामरला फोन केला. तोही विसरला होता.

— एक प्रोग्रामर, इचलकरंजी