डॅशबोर्डआधी नोंदणीसाठी माणसे द्या

सरकारी रुग्णालयात आकडेवारीचे डॅशबोर्ड, म्हणजे पडद्यावर आलेख दाखवणारे फलक, बनवण्याचे काम मी करते. २०२१ मध्ये आरोग्य नोंदी डिजिटल करणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले, आरोग्य ओळखीचा १४ अंकी आभा क्रमांक आला, हे चांगलेच झाले. पण डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी 'डेंग्यू' लिहिलेले असते आणि संगणकात मात्र केसपेपर काढतानाचा 'ताप' तसाच राहतो. पत्त्याच्या रकान्यात नुसते गावाचे नाव. मग धूरफवारणी कोणत्या वस्तीत करायची, हे आलेखातून कसे कळणार? दोष खिडकीवरच्या कारकुनाचा नाही. दारापर्यंत गेलेली रांग तो एकटा सांभाळतो. भिंतीवर डॅशबोर्डचे मोठे पडदे लावण्याआधी प्रत्येक वॉर्डात नोंदी भरणारा प्रशिक्षित कर्मचारी नेमावा, तोही कायमस्वरूपी.

– एक वाचक