शिवभोजनाच्या बाकावर सगळ्यांना जागा द्या

मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गरिबांना सरकारी अनुदानावर १० रुपयांत थाळी देणाऱ्या शिवभोजन केंद्रांची बिलं महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या. योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, ही चर्चाही अधूनमधून डोकं वर काढते. योजना चालू राहावी असं मला मनापासून वाटतं, पण मागणं त्याहून मोठं आहे. ती फक्त गरिबांची ठेवू नका, सगळ्यांना खुली करा. एका देशाने डोक्यावर बॉम्ब पडत असताना हे करून दाखवलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४०मध्ये, ब्रिटनमध्ये बेकन, लोणी आणि साखरेवर रेशनिंग आलं. पुढे मांस, चहा, चीज एकेक करत यादीत गेलं. १९४०च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडू लागले. घर उभं असलं तरी गॅसची लाइन तुटलेली. रेशनचं पुस्तक खिशात, पण शिजवायचं कुठे? लंडन कौंटी कौन्सिलने शाळा आणि सभागृहांतून स्वस्त जेवण द्यायला सुरुवात केली. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांनी ती सोय देशभर नेली. ‘सामुदायिक भोजन केंद्र’ या नावाला साम्यवादाचा आणि ‘वर्कहाउस’चा, म्हणजे निराधारांना ठेवायच्या गरीबखान्याचा, वास येतो म्हणून पंतप्रधान चर्चिल यांनी ते बदलायला लावलं आणि ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव रूढ झालं. १९४३पर्यंत अशी दोन हजारांवर भोजनालयं झाली होती आणि त्यांत रोज सहा लाखांच्या आसपास जेवणं होत होती.

यातली व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. चालवायची स्थानिक पालिका किंवा एखादी स्वयंसेवी संस्था, नफ्याशिवाय. सुरुवातीचं भांडवल अन्न मंत्रालय पुरवायचं, रोजचा खर्च मात्र जेवणाच्या पैशातून भागावा अशी अपेक्षा असे. दर साधारण ९ पेन्स. रेशनची कूपनं द्यावी लागत नसत. दारात पैसे भरायचे, सूप, मुख्य जेवण आणि गोड यांची वेगवेगळी टोकन घ्यायची, काउंटरवरून ताट उचलायचं आणि लांब टेबलावर जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. घर जमीनदोस्त झालेली बाई, शेजारी बँकेतला कारकून, पलीकडे कारखान्यातला कामगार. कोण किती कमावतो, हे कुणी विचारत नसे. बटाटा आणि कोबी रोजचाच, चवीची तक्रारही असे. पण जेवण गरम आणि पोटभर मिळे. बड्या हॉटेलांत श्रीमंतांना कूपनांशिवाय वाटेल ते मिळतं म्हणून लोक चिडले, तेव्हा १९४२मध्ये हॉटेलच्या जेवणावरही ५ शिलिंगांची (म्हणजे ६० पेन्सची) मर्यादा आली. युद्ध संपल्यावर १९४७च्या कायद्याने पालिकांना अशी भोजनालयं पुढेही चालवायची मुभा मिळाली.

हेच सरकार तेव्हा आपल्यावरही राज्य करत होतं. मुंबईत मे १९४३मध्ये रेशनिंग सुरू झालं, देशात सर्वांत आधी. आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली. तिथल्या लोकांच्या वाट्याला अन्नछत्राबाहेरची रांग आणि पातळ पेज आली. लंडनमध्ये जे सुचलं ते कोलकात्यात का सुचलं नाही, याचा संताप मला आजही येतो.

आता आपल्याकडे. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन सुरू झालं: दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, १० रुपयांत. थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून वरची रक्कम सरकार देतं. करोनाच्या काळात याच केंद्रांनी किती जणांना जगवलं, हे मी सांगायला नको.

माझी आई जिल्हा रुग्णालयात होती तेव्हा मी शेजारच्या केंद्रावर जेवत असे. बचत गटाच्या बायका चालवत होत्या, वरण छान असायचं, चपाती तव्यावरून थेट ताटात. पण ताट हाती येण्याआधी मोबाइल समोर धरून फोटो काढायचे, नाव विचारायचे. माझ्या पुढे उभे असलेले एक आजोबा, धुतलेला सदरा, टोपी, फोटोच्या वेळी पदराआड व्हावं तसे मान वळवून उभे राहिले. ताई म्हणाल्या, “बाबा, इकडं बघा, नाहीतर आमचं बिल निघत नाही.” त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत. पुढे अनुदान अडकलं आणि केंद्रच बंद झालं.

बोगस थाळ्या दाखवून पैसे उचलले जातात, म्हणून फोटो आला, हे मला कळतं. पण चोरी पकडायला जेवणाऱ्याचा चेहरा कशाला हवा? क्रमांकाची टोकन द्या, शिधा किती आला आणि किती शिजला याचा हिशेब तपासा, अचानक भेटी द्या.

आणि पूर्ण ५० रुपये देऊन त्याच बाकावर तीच थाळी खायची मुभा कुणालाही द्या. रुग्णांचे नातेवाईक, स्पर्धा परीक्षेची मुलं, एसटीचे वाहक, एकटे राहणारे निवृत्त लोक आनंदाने येतील. रोख पैसा हातात आला की अनुदान उशिरा आलं तरी त्या बायकांना किराणावाल्याच्या उधारीवर चूल पेटवावी लागणार नाही. कलेक्टर कचेरीतला साहेब तिथे जेवू लागला, की वरणात पाणी किती घातलंय याची चौकशीही आपोआप होईल. १० रुपयांचा दर ज्याला हवा त्याच्यासाठी राहू द्या; टोकन दोघांचं एकाच रंगाचं असू द्या.

थकीत बिलं आधी चुकती करावीत आणि निदान एका जिल्ह्यात, रुग्णालय आणि एसटी स्टँडजवळच्या केंद्रांवर, ही पद्धत वर्षभर चालवून पाहावी, ही विनंती.

आपली,
एक नागरिक