‘द डिझास्टर आर्टिस्ट’ची वाट पाहतोय

महोदय,

अतिशय वाईट म्हणून गाजलेला ‘द रूम’ (२००३) हा अमेरिकी चित्रपट कसा घडला, याची गोष्ट सांगणारा ‘द डिझास्टर आर्टिस्ट’ १ डिसेंबर २०१७ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. ‘द रूम’चे लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि नायक, सगळे टॉमी वायझोच. ३५ मिमी फिल्म आणि डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून त्यांनी चित्रीकरण केले! लॉस एंजेलिसमध्ये ‘द रूम’ दोन आठवड्यांत चित्रपटगृहांतून उतरला. पण मध्यरात्रीच्या खेळांना आजही गर्दी होते, प्रेक्षक संवाद तोंडपाठ म्हणतात, पडद्याकडे प्लॅस्टिकचे चमचे भिरकावतात.

‘द डिझास्टर आर्टिस्ट’ हा ‘द रूम’मधले सहकलाकार ग्रेग सेस्टेरो यांच्या २०१३च्या पुस्तकावर बेतला आहे, म्हणूनच मला त्याची खरी ओढ. ते पुस्तक नुसती टिंगल करत नाही. कुणी काम देत नसताना स्वतःचा चित्रपट उभा करणाऱ्या माणसाची धडपड त्यात आहे. वायझोंची भूमिका दिग्दर्शक जेम्स फ्रँको यांनीच केली आहे, तर सेस्टेरो झालेत त्यांचे सख्खे धाकटे भाऊ डेव्ह. सप्टेंबर २०१७मध्ये स्पेनमधल्या सान सेबास्तियन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाने सर्वोच्च पारितोषिक पटकावले.

वितरकांनी तो मुंबई-पुण्यात मोठ्या पडद्यावर आणावा, ही कळकळीची विनंती. सोबत ‘द रूम’चाही एखादा रात्रीचा खेळ ठेवता आला तर फारच उत्तम.

— एक चित्रपटप्रेमी वाचक, पुणे