पाण्याच्या बिलाचा आकडा वेगळा छापा

महोदय,

महागाईचा दर उतरला की आपल्या दैनिकात ठळक बातमी येते. ती वाचून झाली की मी कपाटातली वही काढते. पाच वर्षं त्या वहीत चारच खर्च लिहिते आहे: पाणीपट्टी, कचरा उचलण्याचं शुल्क, इमारतीचा मेंटेनन्स आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियनला दिलेले पैसे. किराणा महागला तर माणूस दुकान बदलतो, हात आखडता घेतो. या चारांत तशी सोय नाही, म्हणून यांचीच नोंद.

गेल्या वर्षी घरातले दोघे नोकरीसाठी बाहेर गेले आणि पाण्याचा वापर पाव हिश्शाने घटला. बिल मात्र आठव्या हिश्शानेच उतरलं, कारण त्यातला निम्मा भाग स्थिर आकार होता, म्हणजे पाणी कितीही वापरा, तेवढाच द्यावा लागणारा. म्हणजे दर लिटरमागे मी सुमारे १७ टक्के जास्त मोजते आहे. महागाई ज्यावरून मोजतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या लेखी मात्र ही भाववाढ शून्य. तेवढ्याच पाण्याचं बिल आधी किती होतं आणि आता किती, एवढंच तो पाहतो, आणि दरपत्रक तर जागचं हललेलं नाही. पद्धत म्हणून हे रास्तच आहे. पण ‘तेवढंच पाणी’ म्हणजे नेमकं किती? वापर वाढेल तसे टप्प्याटप्प्याने दर चढत असतील आणि फक्त वरचा टप्पा महागला, तर दोघांच्या घराला त्याचा पत्ताही लागत नाही. एकाच नळजोडणीवर आठ-दहा माणसं राहतात ते घर सरळ त्या टप्प्यात जाऊन बसतं, मग ते कितीही काटकसरीने राहत का असेना. सरासरी कुटुंबाच्या आकड्यात हे घर दिसत नाही.

दुसरी गोष्ट महागाईच्या वार्षिक दराची, म्हणजे गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी केलेल्या तुलनेची. पाण्याचे दर वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि मग एकदम उडी मारतात. समजा एका महिन्यात ते २४ टक्क्यांनी वाढले. पुढे बारा महिने भाववाढ २४ टक्के दिसेल आणि तेराव्या महिन्यात शून्य. बातमी येईल, ‘पाण्याची महागाई संपली’. बिल मात्र वाढलेल्या पायरीवरच उभं असेल. शिवाय एकूण निर्देशांकात पाण्याचा भार शंभरात एक असेल, तर एवढ्या मोठ्या उडीने एकूण दर पाव टक्कासुद्धा हलत नाही. त्यामुळे ही उडी पहिल्या पानावर पोचतच नाही.

वर्गीकरणाचीही एक गंमत आहे. घरखर्चाचे विभाग पाडणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘कोइकॉप’ वर्गीकरणात घरभाडं, पाणी, वीज आणि गॅस एकाच मोठ्या विभागात आहेत. त्या विभागातच पाणीपुरवठा, कचरा, सांडपाणी आणि इमारतीच्या सेवा यांचा वेगळा गट केलेला आहे. बाटलीबंद पाणी मात्र पेयांत मोजलं जातं. नळाला पाणी कमी आलं आणि लोक बाटल्या विकत घेऊ लागले, तर तो खर्च पाण्याच्या रकान्यात शोधून सापडणार नाही. आणि सेवा आधी करांतून चालत असेल, मग तिचं वेगळं शुल्क सुरू झालं, तर शून्यावरून टक्केवारी काढायची कशी? आयर्लंडमध्ये २०१५ साली घरगुती पाण्याला असं शुल्क लागलं आणि लोकांच्या विरोधामुळे पुढच्याच वर्षी स्थगितही झालं.

माझी वही निर्दोष आहे असं नाही. मेंटेनन्स वाढला म्हणून मी रागारागाने लाल शाईने लिहिलं होतं. नंतर हिशेब मागवला. लिफ्टच्या देखभालीचा करार आणि रखवालदाराचा पगार वाढला होता, ती खरी भाववाढ. पण जिन्यात नवे कॅमेरे बसले होते, म्हणजे जास्तीची सेवा; आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी निधी बाजूला काढायला सुरुवात झाली होती, ती तर बचत. लाल शाईतला जवळजवळ अर्धा आकडा खोडावा लागला.

प्लंबरच्या पानावर उलटं झालं. नळाचा वॉशर, नखाएवढा. पूर्वी ‘नळाचं काम’ म्हणून एकच आकडा असायचा. आता येण्याचे वेगळे, कामाचे वेगळे, वॉशरचे वेगळे. मजुरी तीच आहे, असं तो शपथेवर सांगतो आणि ते खरंही आहे. भाव नोंदवणाऱ्याने फक्त मजुरी विचारली, तर त्याच्या कागदावर काहीच वाढलेलं नसेल.

तेव्हा विनंती अशी: महागाईच्या मासिक बातमीखाली पाणी आणि घराशी निगडित सेवांची एक छोटी चौकट द्यावी. तीत वार्षिक दराच्या शेजारी निर्देशांकाची पातळी असावी, आणि पाण्याचं दरपत्रक शेवटचं कधी बदललं ती तारीखही. सांख्यिकी खात्याच्या तपशीलवार तक्त्यांत हा गट शोधायला आपल्या वार्ताहराला तासभर लागेल. वहीशी ताडून पाहायचं काम मी करीन.

आपली,
एक नियमित वाचक