नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: जोतं उचलू देताय की पुन्हा बुडू?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला मुठा नदीकडेच्या सोसायटीत तळमजल्यावर राहते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पाणी घरात शिरलं ते अंधारातच. फ्रिज तरंगत आडवा झाला. पलंगाखालच्या ट्रंकेत यांचे पेन्शनचे कागद आणि सासूबाईंच्या हातची गोधडी होती, दोन्हींचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर स्विचबोर्डातून गांडूळ निघालं. वासाबद्दल लिहीत नाही. आपल्या नदीत सांडपाणी किती असतं हे तुमच्या खात्याला माझ्याहून जास्त ठाऊक.

तेव्हा चिखलात उभं राहून एका साहेबांनी शब्द दिला, "इमारत उंचावर बांधून घ्या, परवानगीचं मी बघतो." गेल्या आठवड्यात उत्तर आलं: प्रकरण तपासणीवर आहे. साहेबांची बदली झाली म्हणे. शब्दाचीही झाली असावी.

मागणं जगावेगळं नाही. तुमच्याच नियमावलीत आहे की निळ्या रेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आतल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास करता येतो, फक्त जोतं लाल रेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराच्या, पातळीहून ०.४५ मीटर वर हवं आणि ना हरकत दाखला हवा. आम्ही तेच म्हणतोय. खाली नुसते खांब, एकही भिंत नाही. मीटर, पंप वरच्या मजल्यावर. पाणी येईल नि जाईल, आम्ही गाड्या तेवढ्या हलवू.

नेदरलँड्समध्ये मासबोमेलला पुराबरोबर आख्खी घरं वर उचलली जातात. निजमेगनला नदीला जागा हवी म्हणून बांध ३५० मीटर मागे घेतला. सिंगापूरने २०१२ साली बिशान उद्यानाजवळचा काँक्रीटचा कालवा फोडून परत वळणांची नदी केली. आणि आपण? पुण्यात ४४ किलोमीटरचा नदीकाठ 'सुधारायला' ४,७०० कोटी, आणि बांध नदीच्या अंगावर! फिरायला पदपथ मिळणार आहे. पावसाळ्यात होडीचीही सोय करा.

निळी रेषा म्हणे ६० हजार क्युसेकची. त्या दिवशी खडकवासल्यातून सोडलं ते ३५-४० हजार. तरी आमच्या गाद्या भिजल्या. मग रेषा चुकली की नदी आकसली? पात्रात रात्रीचा राडारोडा कोण टाकतं ते गल्लीतल्या पोरांनाही माहीत आहे. त्यांना नोटीस नाही. आम्ही गॅलरीला पत्रा टाकला की तिसऱ्या दिवशी माणूस दारात. १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा निदान पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर वसलं. आता मिळते धान्याची पिशवी, तीही हातात धरून फोटो काढल्यावर. कर मात्र एक महिना उशिरा भरून बघा. मतं मागायला येता तेव्हा आमचा तळमजला तुम्हाला बरोबर सापडतो.

असो. दाखला द्यायचा तर पावसाळ्याआधी द्या. द्यायचा नसेल तर नाही म्हणून सहीशिक्क्यानिशी लेखी द्या. कोर्टात जायला तो कागद लागतो.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक करदाती