तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या दादांना

दादा, स.न.वि.वि.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या, गाडीत स्पीकर बसवून देणाऱ्या तुमच्या दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही. "जाहिरात नको ताई, आहे तेवढंच काम उरकंना झालंय," असं तुम्हीच बजावलं होतंत. पण जाहीर आभार मानायला तुमची परवानगी लागत नाही, म्हणून हे पत्र.

आमची अर्टिगा जुनी, दुसऱ्या हातानं घेतलेली. चालवते मी. मधल्या रांगेत सासूबाई आणि आमचे हे, आणि मागच्या रांगेत मुलं. गाडीत स्पीकर चार, चारही दारांत, खाली पोटरीच्या उंचीला. मागच्या रांगेला काहीच नाही. वाडीला निघालो की मागून सुरू, "आई, वाढव ना!" वाढवलं की सासूबाई कानावर पदर घ्यायच्या. मी तुमच्याकडे आले ती चार महागडे स्पीकर आणि बेससाठी, म्हणजे खोल आवाजासाठी, एक मोठा सबवूफर घ्यायचं ठरवूनच. पैसेही तेवढे काढून आणले होते.

तुम्ही किंमत सांगायच्या आधी विचारलंत, "कोण कुठं बसतंय?" मग स्वतः मागच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसलात आणि मला गाणं लावायला सांगितलंत. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. गिऱ्हाइकाच्या गाडीत तिसऱ्या रांगेत जाऊन बसणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

तिथूनच तुम्ही ओरडून सांगितलंत की ठेका ऐकू येतोय, शब्द येत नाहीत. खालच्या पट्टीचा आवाज सीटला वळसा घालून कुठंही जातो, पण वरच्या पट्टीचा सरळ रेषेत जातो आणि वाटेत पाय, सीटची पाठ, पिशव्या आल्या की तिथंच अडतो. म्हणून मुलांना नुसतं धुमधुम ऐकू यायचं. चार स्पीकर कितीही भारी घेतले असते तरी ते पोटरीच्या मागंच राहिले असते.

मग तुम्ही तिसऱ्या रांगेला खिडकीच्या जरा खाली, मुलांच्या खांद्याच्या उंचीला, दोन छोटे स्पीकर सुचवलेत. मी म्हटलं, मागच्या दारांच्याच वायरींना जोडून टाका. तुम्ही नाही म्हणालात. चार ओहमच्या स्पीकरला चार ओहमचा समांतर जोडला की विजेला अडथळा दोनच ओहमचा उरतो, आणि चार ओहमसाठी बनलेला डेक, म्हणजे डॅशबोर्डातलं गाणी वाजवणारं यंत्र, जास्त वीज देऊन तापत राहतो. त्या जोडीला आवाजाला ताकद देणारा वेगळा छोटा दोन चॅनलचा अँप दिलात, म्हणजे मागचा आवाज पुढच्याला धक्का न लावता कमीजास्त करता येतो. स्क्रू मारण्याआधी ट्रिम, म्हणजे आतलं प्लॅस्टिकचं आवरण, उघडून आत एअरबॅग नाही ना, सीटबेल्टच्या पट्ट्याची गुंडाळी कुठं आहे, हे बघितलंत. एअरबॅगच्या वाटेत काहीही बसवायचं नाही, हे माझ्यासारख्या प्रत्येकीनं लक्षात ठेवावं असं आहे. दुकानदार विसरला तर आपणच विचारावं.

अँप सीटखाली गालिच्यावर न ठेवता पट्टी लावून वर उचललात. "सांगलीत जमिनीला काय ठेवायचं न्हाई ताई, पाणी कुठवर येईल सांगता येत न्हाई." मला हसू आलं, पण २०१९ चा पूर बघितलेल्या गावात हे बोलणं थट्टेचं नाही. बॅटरीपासून येणाऱ्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज. ती तार गाडीच्या एका बाजूनं आणि आवाजाची तार दुसऱ्या बाजूनं नेलीत, म्हणजे रेस केल्यावर कुंईं असा सूर मिसळत नाही. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्याला बोल्ट. कंपनीची एकही वायर कापली नाहीत, सगळं कपलरनं.

दारांचं काम बघायला मी मुद्दाम थांबले. आतलं अस्तर काढल्यावर दिसलं की दार म्हणजे नुसता पातळ पत्रा आणि मोठमोठी भोकं. स्पीकरच्या कोनची, म्हणजे पुढंमागं हलणाऱ्या पडद्याची, पुढची आणि मागची हवा त्या भोकांतून एकमेकींना भेटते आणि बेस खाऊन टाकते, हे तुम्ही तळहात आडवा धरून ऐकवलंत. ती भोकं बंद केलीत, बाहेरच्या पत्र्याला मधोमध पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट रबरासारखी ब्यूटिलची शीट रोलरनं दाबून चिकटवलीत. सगळं दार मढवायची गरज नसते म्हणालात, म्हणून माझी अर्धी शीट वाचली. खालची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवलीत. स्पीकरखालची रिंग प्लॅस्टिकची, कारण एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, आपल्या पावसात फुगतो. काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेटला लागत नाही ना, हेही तपासलंत.

आणि तो पेन्सिल सेल! दीड व्होल्टचा सेल वायरीला क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. तीन दारांचे बाहेर आले, डाव्या मागच्या दाराचा आत गेला. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी अधिक-उणे उलटं जोडलं होतं. एक कोन ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग बेस उरणार कुठून? ती वायर फिरवल्यावर जुन्या स्पीकरांतूनच जो फरक पडला, तो ऐकून पुढचे दोन सोडून बाकीचे बदलायचे नाहीत असं तुम्हीच ठरवलंत. ते दोन निवडतानाही खोक्यावरच्या शेकडो वॅटकडे बघू दिलं नाहीत. डेकवर ५० गुणिले ४ छापलेलं असलं तरी तो खरे पंधरा-वीस वॅटच देतो, तेव्हा संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते, बघा म्हणालात. ९० डेसिबलऐवजी ९३ चा घेतला तर अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं होतं.

एका गोष्टीवर आपलं वाजलं. डेकमध्ये टाइम अलाइनमेंट, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज थोडा थांबवून सोडायची सोय, आहे, ते माझ्या सीटला जुळवून द्या, हा माझा हट्ट. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे माझ्या उजव्या दाराचा आधी पोचतो. त्याला थोडं थांबवलं की गायक बरोब्बर काचेसमोर उभा राहतो. तुम्ही टेप लावून मोजलंत, करून दाखवलंत आणि लगेच काढूनही टाकलंत. "एकाच्या कानाला सोनं आणि सहा जणांच्या कानाला माती. घरची गाडी आहे ताई." मला अजूनही वाटतं, एकटी कोल्हापूरला जाते तेव्हापुरतं ते बटण हवं होतं. असो.

शेवटची तपासणी तुम्ही तंबोऱ्यावर केलीत. जिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं ती मिरज पलीकडेच असताना दुसरं काय लावणार म्हणा! जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांतून उठणारी, झणझण मागच्या रांगेत नीट पोचली तर बाकी सगळं पोचतं, हे तुमचं म्हणणं मला पटलं. सासूबाईंना अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं लागतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्या काळच्या तबकड्यांत खोल बेस नाहीच, मग त्यांच्यासाठी सबवूफर कशाला, असं म्हणून तो तुम्ही यादीतून खोडलात. स्वतःचा माल खोडताना तुमचा हात जराही अडखळला नाही.

आता मुलं मागून ओरडत नाहीत आणि सासूबाई स्वतःहून "लाव गं" म्हणतात. निम्मे पैसे मी परत घेऊन आले, त्यातून गाडीचे पुढचे टायर झाले.

एक काम आहे. दिवाळीत माझा भाऊ त्याची गाडी घेऊन येईल. त्याला डिकी भरून सबवूफर हवाय. माझं तो ऐकत नाही. त्यालाही एकदा मागच्या सीटवर बसवा.

आपली,
विश्रामबागेतली अर्टिगावाली ताई