आमच्या वायरमन काकांना, आईचं ऐकून घेतल्याबद्दल

काका, स. न. वि. वि.

फोनवर थँक्यू म्हणून झालं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला कदाचित आवडणार नाही, तुमचा स्वभाव तसा नाही, पण तरी लिहिणार.

आई कोथरूडच्या घरी एकटी असते, मी बेंगळुरूला. गेले काही महिने ती एकच सांगत होती, की ओटा पुसताना गॅसच्या पाइपला हात लागला की झिणझिण्या येतात. ती काही घाबरट बाई नाही. बाबा गेल्यावर फ्यूज बदलण्यापासून टाकी साफ करून घेण्यापर्यंत सगळं तिने एकटीने केलंय, तिने तक्रार केली म्हणजे काहीतरी आहेच हे मला कळत होतं, आणि म्हणूनच फोनवरून एकेकाला पाठवत होते. जो आला त्याने पाच मिनिटांत निकाल लावला. एकाने टेस्टर लावला, दिवा मिणमिणला, तर म्हणे बॅक करंट आहे, चप्पल घालत जा. दुसरा म्हणाला एमसीबी, तो आपोआप पडणारा स्विच, बसवलाय ना, खरंच शॉक असता तर पडला असता. गॅसच्या कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा साबणाचं पाणी लावून गेला, लीक नाही, करंटचं आमच्याकडे येत नाही. आणि एक महाशय तर तिच्यासमोर स्पीकरवर मला म्हणाले, वय झालं की हातापायाला मुंग्या येतात, शुगर चेक करून घ्या. त्यानंतर आईने तो विषयच काढणं बंद केलं. मला त्याचा राग अजून आहे. पाइपमध्ये करंट आणि वर सत्तर वर्षांच्या बाईला तू आजारी आहेस म्हणायचं!

मग मी सुट्टी काढून आले आणि समोरच्या मेडिकलवाल्यांनी तुमचा नंबर दिला.

काका, तुम्ही आलात आणि पाइपकडे गेलातच नाहीत. पिशवी खाली ठेवलीत, आईला म्हणालात, "काकू, बसा आधी. कुठे येतं आणि कधी येतं, सावकाश सांगा." आणि कानामागची पेन्सिल काढून ती सांगतेय ते वहीत लिहायला लागलात. कुठल्या पार्टची ऑर्डर लिहावी तसं, शब्दन् शब्द. आई आधी थोडं अडखळली, मग बोलायला लागली. मशीन लावलं की येतं, कपडे झाले की जातं. दुसरा हात नळावर असेल तर कोपरापर्यंत जातं. पावसात जास्त. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही वहीतून वर बघून एवढंच म्हणालात, "काकू, निम्मं काम तुम्हीच केलंत." मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. आईचा चेहरा बघायला हवा होता, किती दिवसांनी ताठ बसली होती ती.

सरळ ड्राय बाल्कनीत गेलात, वॉशिंग मशीन पुढे ओढलंत, आणि प्लगच्या तिसऱ्या भोकातून निघालेली वायर भिंतीच्या कोपऱ्यातून जाऊन गॅसच्या पाइपला पट्टीने आवळलेली सापडली. वर पेंटरने रंग मारलेला, म्हणून कुणाला दिसली नव्हती. सॉकेटपर्यंत अर्थिंगची वायरच आलेली नव्हती, तर कुणीतरी पूर्वी गॅसच्या पाइपलाच अर्थिंग समजून काम उरकलं होतं. तुम्ही सांगितलंत ते मी पहिल्यांदाच ऐकलं, की घरात पाइप लोखंडाची आणि तांब्याची दिसते पण रस्त्याखालून येणारी लाइन पिवळ्या प्लॅस्टिकची असते, त्यामुळे तो करंट जमिनीत उतरतच नाही, पाइपवर येऊन बसतो आणि कुणी हात लावायची वाट बघतो. आणि एमसीबी का पडला नाही, तर 16 अॅम्पियरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेला की पडतो, माणसाच्या जिवाला धोका मात्र 30 मिलीअॅम्पियरच्या आसपासच सुरू होतो, त्यासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट थोडा जरी बाहेर गळला तरी लाइन तोडणारा स्विच, जो आमच्याकडे नव्हताच. एवढी साधी गोष्ट आधीच्या लोकांना माहीत नव्हती असं मला वाटत नाही. सांगत बसायला वेळ नव्हता.

तुम्ही घाईने वायर उपटली नाहीत हेही मी बघितलं. मेन बंद, गॅसचा कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि मगच पट्टीला पाना लावलात, कारण करंट वाहत असलेली वायर पाइपवरून सुटताना ठिणगी पडते, आणि ठिणगी पडायला गॅसची पाइप ही सगळ्यात वाईट जागा. तो आवळलेला क्लॅम्प बघून तुम्ही स्वतःशीच मान हलवलीत, शिवी दिली नाहीत. मी दिली असती.

बाकी काम काय काय केलंत ते इथे लिहीत नाही, बोर्डपासून खरी अर्थिंग आणली, आरसीसीबी बसवला, खाली मीटररूममध्ये जाऊन सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा जिवंत आहे का ते बघून आलात. पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे कारण मला ती उलटी वाटली होती. पाइपवरून वायर काढल्यावर तुम्ही म्हणालात की आता पाइप अर्थिंगच्या पट्टीला जोडून घ्यावी लागेल. मी म्हटलं, अहो आत्ताच तर काढली ना? तर तुम्ही म्हणालात, "पाइपने अर्थिंगचं काम करायचं नाही, अर्थिंगने पाइपला सांभाळायचं." म्हणजे गॅसच्या पाइपच्या भरवशावर मशीन सोडायचं नाही, पण घरातला सगळा धातू एकाच अर्थिंगला बांधलेला असला की नळ आणि पाइप यांच्यात फरकच राहत नाही, मग दोन्ही हात लावले तरी काही नाही. आयएस 3043 मध्ये, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकात, हेच आहे असंही सांगितलंत. आणि तरी गॅसवाल्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या पाइपला हात लावला नाहीत, मला त्यांना फोन करायला लावलात, त्यांचा माणूस येईपर्यंत जिन्यात बसून राहिलात. गॅसच्या मीटरच्या आतल्या बाजूला, त्याच्या देखत क्लॅम्प लावलात, जिथे गंजलं होतं तिथे त्याच्याकडून पुन्हा लीक टेस्ट करून घेतलीत. त्यानेच मग रबरी नळीवर छापलेलं साल बघून सांगितलं की पाच वर्षं होऊन गेलीत, बदला.

शेवटी तुमचा व्होल्ट मोजायचा मीटर आईच्या हातात दिलात. आधी दाखवलं होतंत तेव्हा पाइप आणि नळाच्या मध्ये शंभरच्या वर व्होल्ट होते. आता मशीन चालू करून म्हणालात, "काकू, तुम्ही वाचा." तिने चष्मा लावून वाचलं, शून्य. परत वाचलं. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत.

पैसे सांगितलेत तेवढेच घेतलेत, जास्त दिले ते परत केलेत, त्यावर वाद घालत नाही. पण काका, खरं सांगते, या शहरात कामाला माणसं पुष्कळ मिळतात, मोठमोठी अॅप आहेत, युनिफॉर्म घालून येतात, गेल्यावर पाच स्टार मागतात. समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये असं धरून कामाला सुरुवात करणारा माणूस मात्र फार शोधावा लागतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या लांब राहणाऱ्या मुली रात्री झोपू शकतात.

आणखी एक. तुम्ही जाता जाता म्हणाला होतात की ज्याने ही वायर लावली त्याने एकाच घरात लावली नसणार. मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सेक्रेटरींना सांगितलं. आमच्या खालच्याच फ्लॅटमध्ये तशीच पट्टी निघाली, तिथे लहान बाळ आहे. त्यांनी मशीन बंद करून ठेवलंय, तुम्ही येईपर्यंत कुणालाही हात लावू देणार नाहीत. बाकीच्या घरांचं तुम्हाला जमेल त्या रविवारी करू असं ठरलंय, सेक्रेटरी तुम्हाला फोन करतीलच. दुपारचं जेवण आमच्याकडे, आईने विचारलंय तुम्हाला तिखट चालतं का ते कळवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी